सोबत राहिल्याचा पुरावा

माणूस गेल्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांतच एक फॉर्म भरावा लागतो. सिडनीत बहुतेक वेळा अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणारा माणूसच तो भरून घेतो आणि न्यू साउथ वेल्स राज्याच्या जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी कार्यालयाकडे पाठवतो. नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं, व्यवसाय आणि मग वैवाहिक स्थितीचा रकाना. तो रकाना भरताना खोलीत कोण बसलं आहे, याला फार महत्त्व असतं.

एक घर डोळ्यांसमोर आणू या. पॅरामॅटाजवळ वेंटवर्थव्हिलला राहणारा सत्तेचाळीस वर्षांचा मराठी इंजिनीअर हृदयविकाराच्या झटक्याने गेला. सात वर्षं तो एका बाईंबरोबर राहत होता. लग्न नव्हतं, मूल नव्हतं. साताऱ्याला त्याची आई आहे. तिला त्याने सांगून ठेवलं होतं की घरातली एक खोली भाड्याने दिली आहे. पुण्याहून भाऊ आला. फॉर्म भरणाऱ्याने विचारलं, ‘लग्न झालं होतं का?’ भाऊ म्हणाला, ‘नाही, अविवाहितच होता.’ त्याला जे ठाऊक होतं ते त्याने सांगितलं. बाई आतल्या खोलीत होत्या, त्यांना कुणी विचारलं नाही. मृत्युपत्र नव्हतं.

ही माणसं कल्पनेतली आहेत, पण त्यांना लागू होणारा कायदा खरा आहे. तो पायरीपायरीने समजून घ्यावा असं मला वाटतं, कारण आपल्याकडच्या जोडप्यांच्या बाबतीत त्यात एक खास अडचण येते. हा कायदा लग्नाचा दाखला मागत नाही. दोघांनी काढलेले दिवस पाहतो. आणि नेमके तेच दिवस आपण गावाकडच्यांपासून, ओळखीच्यांपासून, कधी कधी सरकारी कागदांपासूनही लपवलेले असतात.

ऑस्ट्रेलियात अशा नात्याला ‘डी फॅक्टो’ म्हणतात. लॅटिनमधला हा शब्द, अर्थ ‘वस्तुतः’, म्हणजे कागदावर नसलं तरी प्रत्यक्षात असलेलं. न्यू साउथ वेल्सने १९८४ साली अशा जोडप्यांच्या मालमत्तेसाठी स्वतंत्र कायदा केला आणि १९९९ मध्ये त्यात समलिंगी जोडप्यांनाही आणलं. आज व्याख्या सापडते ती राज्याच्या १९८७ च्या इंटरप्रिटेशन ॲक्टमधल्या कलम २१सी मध्ये. दोघं जोडपं म्हणून एकत्र राहत असावेत आणि एकमेकांचे नातेवाईक नसावेत, एवढंच तिचं सार. दोघांपैकी एकाचं दुसऱ्या कुणाशी लग्न झालेलं असलं तरी डी फॅक्टो नातं असू शकतं, हेही तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे.

वारसा मिळायला मात्र एवढं पुरत नाही. मृत्युपत्र न करता माणूस गेला, तर मालमत्ता कशी वाटायची हे २००६ च्या सक्सेशन ॲक्टचं चौथं प्रकरण सांगतं. त्यात ‘जोडीदार’ या शब्दात लग्नाची बायको किंवा नवरा येतो, तसाच ‘घरगुती भागीदारी’तला माणूसही येतो. या भागीदारीत शिरायला तीन दारं आहेत. नात्याची राज्याच्या रजिस्टरमध्ये नोंद झालेली असणं हे पहिलं. डी फॅक्टो नातं सलग दोन वर्षं टिकलेलं असणं हे दुसरं. आणि त्या नात्यातून मूल जन्मलेलं असणं हे तिसरं. तीनपैकी कुठलंही एक चालतं, पण नातं मृत्यूच्या क्षणी चालू असायला हवं.

आपल्या बाईंसाठी दुसरं दार उरतं. ते उघडलं तर काय आणि नाही उघडलं तर काय, हे आधी पाहू, कारण त्यावरून भांडण किती टोकाला जाईल ते कळतं. मृताला मूल नसेल तर जोडीदाराला सगळी मालमत्ता मिळते. सगळी म्हणजे सगळी. आईला काहीही नाही. जोडीदार नसल्याचं ठरलं तर क्रम पुढे सरकतो आणि आईवडिलांकडे जातो, म्हणजे साताऱ्याच्या आईला सगळं आणि सात वर्षं त्या घरात भाकरी थापणाऱ्या बाईंना काही नाही. मधला रस्ता नाही. म्हणून स्वभावाने भांडखोर नसलेली माणसंही इथे कोर्टात उभी राहतात.

मूल असेल तर गणित बदलतं. मूल दोघांचंच असेल तर सगळं जोडीदाराला. पण त्याला पहिल्या लग्नाची मुलगी असती, तर जोडीदाराला मृताच्या वापरातल्या वस्तू, एक ठरावीक रक्कम आणि उरलेल्यातला अर्धा भाग मिळाला असता. दुसरा अर्धा मुलीचा. ती ठरावीक रक्कम कायद्यात साडेतीन लाख डॉलर अशी लिहिली आहे, पण महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे ती वाढत जाते. हिशेबापुरती ती साडेपाच लाख धरू. मालमत्ता १५ लाखांची असेल तर जोडीदाराला आधी साडेपाच लाख, मग उरलेल्या साडेनऊ लाखांतले पावणेपाच लाख, असे सव्वादहा लाख. मुलीला पावणेपाच लाख. अशा वाटणीत राहतं घर विकायची वेळ येऊ नये म्हणून जोडीदाराला मालमत्तेतली वस्तू किंवा घर आपल्या हिश्शात वळतं करून घेण्याचा हक्कही आहे, पण तो ठरलेल्या मुदतीत बजावावा लागतो.

आणखी एक शक्यता आपल्या लोकांत दिसते. माणूस पुण्यात लग्न करून आलेला, बायको तिकडेच, घटस्फोट कधी घेतलाच नाही, आणि इथे दुसऱ्या बाईंबरोबर दहा वर्षं गेली. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने दोन जोडीदार असू शकतात. दोघींनी लेखी करार करून वाटून घ्यावं, नाहीतर कोर्टाने न्याय्य वाटेल तसं वाटून द्यावं, अशी सोय आहे. ज्या बाईने तिकडे सासू-सासऱ्यांचं केलं तिचा विचार होतो आणि इथल्या बाईचाही होतो. मला ही तरतूद शहाणपणाची वाटते.

आता सुरुवातीपासून चालू. सगळ्यात आधी पाहायचं, मृत्युपत्र खरंच नाही का? कपाटातल्या फायली, बँकेचा लॉकर, घर घेताना काम केलेला सॉलिसिटर, राज्याच्या ट्रस्टी अँड गार्डियन कार्यालयाकडची मृत्युपत्रं, हे सगळं शोधावं लागतं आणि शोधलं हे कोर्टाला सांगावं लागतं. फोनही पाहायचा. साक्षीदारांच्या सह्या नसलेला कागद, किंवा कागदच नसलेलं लिखाणही, मृताने ते आपलं मृत्युपत्र म्हणून केलं होतं असं पटलं तर कोर्ट मान्य करू शकतं. क्वीन्सलँडमध्ये २०१७ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने एका मृत माणसाच्या फोनमध्ये लिहून ठेवलेला, कधीच न पाठवलेला मेसेज मृत्युपत्र म्हणून मान्य केला. त्यात मालमत्ता भावाला आणि पुतण्याला होती, बायकोला नव्हती.

मग पाहायचं की मालमत्तेत नेमकं काय मोडतं. घर दोघांच्या नावावर ‘जॉइंट टेनंट्स’ म्हणून असेल तर गेलेल्याचा हिस्सा आपोआप मागे राहिलेल्याकडे जातो. वारसाहक्काचा प्रश्नच येत नाही. जॉइंट बँक खात्याचंही साधारण तसंच. ‘टेनंट्स इन कॉमन’ असेल तर मात्र त्याचा हिस्सा मालमत्तेत येतो. आपल्या गोष्टीत घर एकट्या त्याच्या नावावर आहे. बाईंचा पगार किराणा, वीज आणि गाडीच्या हप्त्यात जात होता, त्याचा कर्जाच्या हप्त्यात. व्यवहार दोघांना सोयीचा होता, पण घराच्या दस्तावर त्यांचं नाव त्यामुळे आलं नाही.

आता मुख्य काम, नातं सिद्ध करण्याचं. कलम २१सी नऊ गोष्टी मोजून देतं: नातं किती काळ होतं, एकत्र राहणं कसं आणि कितपत होतं, शरीरसंबंध होता का, पैशाने एकमेकांवर किती अवलंबून होते, मालमत्ता कुणाची आणि कुणी वापरली, आयुष्य एकत्र काढण्याची बांधिलकी किती होती, मुलांचं कोणी पाहिलं, घरकाम कोणी केलं, आणि लोक त्यांना काय समजत होते. यांतली कुठलीही एक असायलाच हवी असं नाही, आणि एकीच्या जोरावर सगळं ठरत नाही. न्यायाधीश सगळं चित्र पाहतात.

नुसत्या वर्षांची संख्या पुरत नाही, हे फॅमिली कोर्टाच्या २०११ च्या जोना आणि व्हाइट या निकालातून कळतं. (त्या कोर्टात पक्षकारांची खरी नावं छापत नाहीत, ही टोपणनावं आहेत.) सतरा वर्षं चाललेलं नातं होतं. पुरुष विवाहित होता, भेटायला यायचा, दरमहा पैसेही द्यायचा. पण दोघांची घरं वेगळी होती, पैशाचे व्यवहार वेगळे होते आणि त्याच्या कुटुंबात बाईंना जवळपास कुणी ओळखत नव्हतं. न्यायाधीशांनी म्हटलं की दोन आयुष्यं मिसळून त्यांचं एक जोडपं झालंय का, हे पाहावं लागतं. इथे ते झालेलं नाही. पुढच्या वर्षी अपिलातही तोच निकाल कायम राहिला. तो खटला वारशाचा नव्हता, घटस्फोटासारख्या वाटणीचा होता, पण प्रश्न तोच होता.

म्हणून ‘आम्ही सात वर्षं एकत्र होतो’ हे वाक्य कितीही खरं असलं तरी एकटं उभं राहत नाही. त्यात एक मोठी अडचण असते: दुसरा साक्षीदार बोलायला नाही. मृत माणसाविरुद्ध केलेल्या दाव्याकडे फार काळजीपूर्वक पाहावं, कारण त्याचं म्हणणं आता ऐकता येत नाही, हे ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने १९१५ मध्येच प्लंकेट विरुद्ध बुल या खटल्यात सांगितलं. सिद्ध करण्याची पातळी दिवाणी खटल्याचीच असते, म्हणजे असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त दिसायला हवी. पण न्यायाधीश कागद शोधतात, आणि त्यातही भांडण सुरू व्हायच्या आधीचे कागद.

असे कागद कुठे असतात? लोक पहिल्यांदा फोटो काढून आणतात. फोटो चांगलेच, पण दिवाळीच्या कार्यक्रमातला वीस जणांचा फोटो जोडपं दाखवत नाही. त्यापेक्षा कंटाळवाणे कागद उपयोगी पडतात. विजेचं बिल दोघांपैकी कुणाच्याही नावावर असो, पत्ता तोच आणि तारखा वर्षानुवर्षांच्या. गाडीचा विमा, ज्यात दोघं चालक म्हणून लिहिले आहेत. मेडिकेअरच्या, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेच्या, कार्डावर दोघांची नावं. डॉक्टरकडच्या फॉर्ममध्ये ‘तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं’ या रकान्यात कुणाचं नाव आहे. त्याच्या खात्यातून तिच्या खात्यात दर महिन्याला जाणारे पैसे आणि त्यापुढे लिहिलेला ‘किराणा’ हा शब्द. व्हॉट्सॲपवरचे संदेश तर सोन्यासारखे असतात, कारण ते कुणी पुरावा म्हणून लिहिलेले नसतात. ‘येताना कोथिंबीर आण’, ‘आज उशीर होईल, जेवून घे’, ‘तुझ्या गोळ्या संपल्यात, फार्मसीत जाऊ’ असे सात वर्षांचे हजारो संदेश ज्या घरात असतात, ते घर कसं चाललं होतं हे कुणालाही कळतं. फोन फेकू नका, बदलू नका, फोन कंपनीचं खातं बंद करायची घाई करू नका. मराठीतल्या संदेशांचं प्रमाणित भाषांतर करून जोडता येतं.

पुरावा विरुद्ध बाजूनेही बोलतो, आणि तिथे आपली सवय नडते. तो दर वर्षी टॅक्स रिटर्न भरत होता. त्यात जोडीदार आहे का हा प्रश्न असतो. त्याने ‘नाही’ लिहिलं असेल, तर भावाच्या वकिलाच्या हातात तोच पहिला कागद असेल. बाईंनी मध्यंतरी नोकरी गेल्यावर सेंटरलिंककडून, म्हणजे सरकारी भत्ते देणाऱ्या यंत्रणेकडून, एकट्या व्यक्तीच्या दराने भत्ता घेतला असेल, तर दुसरा कागद. आईला पाठवलेला ‘खोली भाड्याने दिली आहे’ हा व्हॉट्सॲप संदेश, तिसरा. यांपैकी कुठलाही एक कागद दावा बुडवत नाही. लोक नात्याबद्दल खोटं का बोलतात हे न्यायाधीशांना ठाऊक असतं. पण स्पष्टीकरण द्यावं लागतं आणि ते प्रामाणिक असावं लागतं. सेंटरलिंकला चुकीची माहिती दिली असेल, तर ते कोर्टात कबूल करण्याआधी वकिलाशी त्याबद्दल स्वतंत्रपणे बोलायला हवं, कारण त्याचे वेगळे परिणाम होऊ शकतात. लपवायला जाऊ नये. उलटतपासणीत ते बाहेर येतंच.

एका ठिकाणी मात्र परदेशातून आलेल्यांना फायदा आहे. बाई त्याच्या पार्टनर व्हिसावर आल्या असतील, तर ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याकडे त्यांची एक जाड फाइल पडून असते. पार्टनर व्हिसासाठी डी फॅक्टो जोडप्यांना नात्याचा पुरावा द्यावा लागतो: दोघांचे जबाब, भाडेकरार, बँकेचे उतारे, आणि ऑस्ट्रेलियन नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या ओळखीच्या लोकांनी भरलेले फॉर्म ८८८. त्या फाइलमध्ये गेलेल्या माणसाच्या स्वतःच्या सहीने लिहिलेलं असतं की ही माझी जोडीदार आहे. माहितीच्या अधिकाराखाली प्रत मागता येते. व्हिसा मिळाला म्हणून कोर्ट बांधलं जात नाही, पण मृताचे स्वतःचे शब्द तिथे सापडतात.

आता प्रतिज्ञापत्राविषयी, म्हणजे ॲफिडेव्हिटविषयी. बाईंना आपली गोष्ट तारखांनिशी, क्रमाने लिहावी लागते: कधी भेटलो, कधी एकत्र राहायला लागलो, कुठल्या पत्त्यावर, घर कोण चालवत होतं, आजारपणात कोणी केलं. शरीरसंबंधाचा मुद्दाही त्यात येतो आणि आपल्या बायकांना तिथे फार अवघड होतं. तपशील कुणी मागत नाही. नवरा-बायकोसारखे राहत होतो, एकाच खोलीत झोपत होतो, अमुक वर्षी त्याच्या आजारपणानंतर ते थांबलं, अशी दोन-तीन साधी वाक्यं पुरतात. आजारपणाने थांबलं म्हणून नातं संपत नाही.

सोबत इतरांची प्रतिज्ञापत्रं लागतात, ज्यांना निकालात काही मिळायचं नाही अशांची. शेजारी सगळ्यात चांगले. दर रविवारी दोघं मिळून बाग साफ करताना पाहणारा पलीकडच्या घरातला माणूस, तिला त्याची बायको समजून बोलणारी फार्मासिस्ट, ज्यांच्याकडे दोघं गणपतीला मिळून जात होते ते कुटुंब. सिडनीतल्या मराठी मंडळींत इथेच लोक मागे सरतात. ‘आम्हाला कशाला मध्ये घेता, त्याच्या घरच्यांना काय वाटेल?’ मी हे समजू शकतो, पण इथे गप्प बसणं तटस्थ नसतं. ज्या नात्याला तुम्ही सात वर्षं घरी जेवायला बोलावलंत, ते नातं होतं एवढं सांगायला कोर्ट तुम्हाला विचारत असतं.

अर्ज जातो न्यू साउथ वेल्सच्या सुप्रीम कोर्टाकडे. मृत्युपत्र असतं तर प्रोबेट, म्हणजे त्या मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता, मागितलं असतं. इथे ‘लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन’ मागायची, म्हणजे मालमत्ता गोळा करून वाटण्याचा अधिकार. अर्ज करण्याच्या आधी किमान चौदा दिवस कोर्टाच्या ऑनलाइन रजिस्ट्रीवर जाहीर नोटीस द्यावी लागते. मग समन्स, प्रतिज्ञापत्र, मृत्यूचा दाखला, मालमत्तेची आणि देण्यांची यादी. दाखल्यात ‘अविवाहित’ लिहिलेलं असेल तर तो तसाच जोडून बाजूला खुलासा करायचा, आणि पुराव्यासह नोंदणी कार्यालयाकडे दुरुस्तीचा अर्जही करता येतो. दाखला हा नात्याचा अंतिम पुरावा नाही. तो भरून देणाऱ्याने जे सांगितलं त्याची ती नोंद आहे.

भाऊ आईच्या वतीने आक्षेप घेऊ शकतो. त्यासाठी कोर्टात ‘कॅव्हिएट’ दाखल करतात, की या मालमत्तेत आमचं हित आहे, आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका. इथून वाद सुरू होतो आणि खर्चही. बहुतेक वकील याच टप्प्यावर मध्यस्थी सुचवतात, आणि मला वाटतं आपल्या माणसांनी ती मनावर घ्यावी. भावाला बहुधा पैशांइतकाच दुसरा सल असतो: दादाने आमच्यापासून हे का लपवलं? ते मोकळेपणाने बोलायला कोर्टापेक्षा मध्यस्थीची खोली बरी. आईला काही रक्कम देऊन प्रकरण संपलं, असं तिथे लेखी ठरवता येतं.

वाद होतो तेव्हा ‘मृत्यूच्या क्षणी नातं चालू होतं का’ हाही प्रश्न येतो. गेल्या वर्षी तो सहा महिने मुंबईत प्रोजेक्टवर होता. तेव्हा नातं तुटलं होतं का? याचं उत्तर हायकोर्टाच्या २०२२ च्या फेअरबेर्न विरुद्ध राडेकी या निकालातून समजतं. त्या खटल्यातल्या बाईंना स्मृतिभ्रंश झाला आणि त्या वृद्धाश्रमात गेल्या. हायकोर्टाने सांगितलं की केवळ वेगळ्या छपराखाली राहायला लागल्याने डी फॅक्टो नातं मोडत नाही. त्या खटल्यात ते मोडलंच होतं, पण वेगळं राहण्यामुळे नव्हे. जोडीदाराने तिच्या हिताच्या आणि पैशांच्या बाबतीत जे केलं त्यावरून. मुंबईचे सहा महिने म्हणून फारसे भीतिदायक नाहीत, जर त्या काळात रोज फोन होत होते आणि तो परत याच घरी येणार होता.

दोन वर्षं पुरी झालीच नसतील तर? नातं दीड वर्षाचं असेल, तर या मार्गाने काही मिळत नाही. पण मृत्यूच्या वेळी डी फॅक्टो जोडीदार असलेली व्यक्ती मालमत्तेतून आपल्या निर्वाहासाठी योग्य ती तरतूद कोर्टाकडे मागू शकते, तिथे दोन वर्षांची अट नाही. हा अर्ज मृत्यूपासून बारा महिन्यांच्या आत करायचा असतो. दुःखात हे बारा महिने फार लवकर निघून जातात. आणि हे सगळं न्यू साउथ वेल्सचं झालं. व्हिक्टोरिया आणि क्वीन्सलँडमध्येही दोन वर्षांचा निकष आहे, साउथ ऑस्ट्रेलियात तीन वर्षांचा. तपशील राज्याराज्यांत बदलतो. माणूस ॲडलेडचा असेल तर सिडनीच्या मित्राचा सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही.

सुपरॲन्युएशन, म्हणजे निवृत्तीचा फंड, हा वेगळाच विषय आहे आणि बहुतेक घरांत घरानंतर सगळ्यात मोठी रक्कम तिथेच असते, त्यात जोडलेल्या आयुर्विम्यासह. हे पैसे आपोआप मालमत्तेत येत नाहीत. फंडाचे विश्वस्त ठरवतात. वैध ‘बाइंडिंग नॉमिनेशन’ असेल तर त्यांना ते पाळावं लागतं. नसेल तर ते अवलंबून असलेल्या माणसांमध्ये वाटतात. जोडीदार त्यात येतो, आणि तिथल्या व्याख्येत दोन वर्षांची अट नाही. भारतातल्या सवयीने अनेक जण नॉमिनी म्हणून आईचं नाव घालतात. पण ऑस्ट्रेलियाच्या सुपर कायद्यात आई केवळ आई म्हणून ‘अवलंबित’ ठरत नाही. ती त्याच्या पैशावर अवलंबून असायला हवी. तो दर महिन्याला साताऱ्याला पैसे पाठवत असेल तर कदाचित ती ठरेल. म्हणून बाईंनी फंडाला लवकर कळवायला हवं. विश्वस्तांचा प्रस्तावित निर्णय कळला की आक्षेपासाठी २८ दिवस मिळतात, आणि पुढे ऑस्ट्रेलियन फायनान्शियल कम्प्लेंट्स ऑथॉरिटीकडे तक्रार करता येते.

आणि साताऱ्याची जमीन? वडिलोपार्जित नव्हे, त्याने स्वतः सिडनीहून पैसे पाठवून घेतलेली दोन एकर. जमीन जिथे असते तिथला कायदा तिला लागतो. सिडनीच्या कोर्टाने बाईंना जोडीदार ठरवलं, तरी तलाठ्याकडची वारस नोंद त्यावर होत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात पहिल्या वर्गाच्या वारसांत आई, विधवा आणि मुलं येतात. ‘डी फॅक्टो’ असा शब्द तिथे नाही. भारताच्या सुप्रीम कोर्टाने दीर्घकाळ नवरा-बायको म्हणून राहिलेल्या जोडप्याचं लग्न झालेलं होतं असं गृहीत धरता येतं, हे १९७८ च्या बद्रीप्रसाद खटल्यात आणि नंतरही सांगितलं आहे. पण ते गृहीतक लग्नाचं आहे आणि ते खोडून काढता येतं. लग्न न करताच राहत होतो असं ज्या जोडप्याने स्वतः सिडनीच्या कागदांवर लिहून दिलं, त्या जोडप्याला या गृहीतकाचा आधार घेणं कठीण. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात ‘लग्नासारखं नातं’ येतं, पण ते संरक्षण, निवारा आणि पोटगीपुरतं, वारशापुरतं नाही.

म्हणजे एकाच माणसाच्या मागे वेंटवर्थव्हिलचं घर बाईंकडे जातं आणि आईला त्यात काही मिळत नाही; साताऱ्याची दोन एकर आईकडे जातात आणि बाईंना त्यात काही मिळत नाही. मध्यस्थीच्या टेबलावर या दोन गोष्टी एकत्र मांडता आल्या, तर बोलणं बरंच सोपं होतं.

जे जोडपं आज एकत्र राहतंय, त्याच्यासाठी यातलं निम्मं ओझं एका अर्जाने उतरतं. न्यू साउथ वेल्समध्ये २०१० पासून रिलेशनशिप्स रजिस्टर आहे. दोघांनी ओळखपत्रांसह अर्ज करायचा, शुल्क भरायचं. त्यानंतर २८ दिवस थांबायचं, त्या काळात कुणालाही अर्ज मागे घेता येतो, आणि मग नोंद होते. नोंद झाली की मृत्युपत्र नसतानाच्या वारशासाठी दोन वर्षं सिद्ध करायची गरज उरत नाही. शेजाऱ्यांना बोलवायला नको, कोथिंबिरीचे मेसेज भाषांतरित करायला नकोत. दोघांनी मृत्युपत्र केलं तर वाटणीही त्यांच्या मनासारखी होते, आणि साताऱ्याच्या जमिनीसाठी वेगळं मृत्युपत्र भारतात करून ठेवता येतं.

आपल्या बाईंकडे यांपैकी काहीच नाही. त्यांच्याकडे सात वर्षांची विजेची बिलं आहेत, गाडीचा विमा आहे, फोन आहे, आणि पलीकडच्या घरातला तो माणूस आहे जो ‘मी सांगतो’ म्हणाला आहे. मृत्यूनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात, भाऊ अजून सिडनीतच असताना, त्यांनी दोन पत्रं पाठवायची आहेत: एक सुपर फंडाला, आणि एक नोंदणी कार्यालयाला, त्या रकान्यातला ‘अविवाहित’ हा शब्द दुरुस्त करण्यासाठी.